शेवटचा अ

माझ्याकडे लोक नाव मागायला येतात,
विरजण मागायला यावं तसे,
संध्याकाळचे, जरा लाजत.
"बाई, संस्कृतातलं एक काढून द्या की.
गल्लीत कुणाचं नसलेलं. अर्थ चांगला पाहिजे."
तीस वर्षं खानापुरात मी रूपं घोकून घेतली.
मग तुकडी बंद झाली, शाळेनं निरोपाला घड्याळ दिलं,
आणि आता त्याच पोरांची पोरं
बिननावाची माझ्या पडवीत येतात.

पुठ्ठा सुटलेला कोश मांडीवर घेते.
मोबाईलवरून काहीतरी आधीच आणलेलं असतं.
रियांश.
अंश कळला, पण रिया कुठली रे, बाबा?
अद्विक. पान उलटते, परत उलटते,
अद्वय आहे, अद्वैत आहे, हा गृहस्थ कुठेच नाही.
एकजण निर्वाण म्हणाला.
म्हटलं, अरे, ते विझणं. आत्ताच तर दिवा लागलाय.
आणि कौलांच्या भट्टीमागच्या कुंभाराच्या सुनेला
मी मोठ्या हौसेनं मृण्मयी सुचवलं.
"म्हणजे?"
मातीची.
"मातीच होय? ती काय घरात कमी आहे का, बाई?"
तिच्या मुलीचं नाव आता तारका आहे.
कुणीतरी चुकलं, एवढं वाटत राहतं.

मार्गशीर्षात परशराम हलगेकर आला.
त्याच्या मुलाला मी अनघ दिलं.
अघ म्हणजे पाप; अनघ, ज्याच्यापाशी ते नाही.
पापाचं नाव घेतल्याशिवाय
निष्पाप म्हणता येत नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी दाखला घेऊन दारात उभा.
"बघा की हो बाई, पोराची पोरगी केली!"
कन्नडात अक्षरं बरोबर होती. अ, न, घ.
पण खिडकीतल्या हडिमनींनी ते वाचलं अनघऽ,
घ वर सावकाश पाऊल टेकवत,
आणि इंग्रजीत शेपटाला एक ए वाढला.
आमच्याकडे अनघा म्हणजे पोस्टमनची धाकटी.

मी बरोबर गेले, भांडायला.
पाटी असो, पावती असो, सातबारा असो,
इथं अक्षराला बाजू असते,
आणि आपली कुठली ते झोपेतही पाठ असतं.
हडिमनी तोडक्या मराठीत, अजिबात न चिडता म्हणाले,
"टीचर, तुम्हीच सांगा. ह्यात शेवटी अ आहे का नाही?"

आहे.
फळ्यावर डस्टर आपटून मीच सांगायची,
गिळू नका रे, शेवटचा अ गिळू नका,
आणि घरी येऊन गिळायची,
हातपाय धुवायच्याही आधी.
खिडकीपलीकडे तो रोज वापरात होता.
बाजारात, बसमध्ये, पोराला हाक मारताना,
कुणी न घोकवता.

दाखला तसाच राहिला.
परशरामला बहीण नाही,
म्हणून बारशाला शेजारची गिरिजव्वा आत्या झाली.
पाळण्यावर वाकली, कानात कुर्रर्र केलं,
आणि नाव घेतलं, पुरं, शेवटच्या अ सकट.
बायका हसल्या.
मला वर्ग आठवला, आणि नीट उभी राहिले.

निघताना हातात पावशेर कुंदा.
रस्त्यात कुणीतरी हाक मारली, सुमेधाबाई!
सुमेधा म्हणजे चांगल्या बुद्धीची.
माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर
अंगठीच्या टोकानं लिहिलेलं.
त्याआधी मी लगमव्वा होते.
देवीची जत्रा होती त्या आठवड्यात जन्मले, म्हणून.
कोशात एकदा शोधलं होतं,
नवीन नवीन असताना, दार लावून.
लगुड होतं. लगुड म्हणजे दांडकं.
लग्न होतं.
मी नव्हते.